बिअर्डेड ड्रॅगनचं काच खरवडणं: नवीन घर, नवे दिवे, आठ महिन्यांचा अनुभव

भुरीच्या नाकाचं टोक सोलवटलेलं दिसलं, त्या दिवशी मी टाकी बदलायचं ठरवलं. भुरी म्हणजे माझी बिअर्डेड ड्रॅगन, एक पाळीव सरडा, तेव्हा दीड वर्षाची. सकाळी दिवे लागले की ती काचेला पोट टेकवून उभी राहायची आणि पुढचे पंजे सपासप वर-खाली चालवायची. खर्र, खर्र. जरा थांबायची, मग दुसऱ्या कोपऱ्यात तेच. विकणाऱ्याने सांगितलं होतं की जात चपळ आहे, खेळत असते. मीही कित्येक महिने तेच धरून बसले. खेळताना कुणी स्वतःचं नाक सोलून घेत नाही, हे कळायला ती जखम दिसावी लागली.

आधीची टाकी 3 फुटी, चारही बाजूंनी काचेची. आता 4 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच असं पीव्हीसीचं घर आहे. तीन बाजू अपारदर्शक, पुढे सरकत्या काचा. त्यासोबत टी-5 यूव्हीबी ट्यूब (अतिनील किरण देणारी), डिमिंग थर्मोस्टॅट (बल्बची ताकद कमी-जास्त करून तापमान राखणारा) आणि इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. मी सगळ्या संचाबद्दलच लिहिणार आहे, कारण फरक नुसत्या घराने पडला असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. घ्यायच्या आधी भुरीची शी तपासून घेतली होती. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) दोन्ही नव्हते. हे पहिलं करा, बाकी खर्च नंतर.

नवीन घर घेण्याआधी मी स्वस्तातला उपाय करून पाहिला होता. जुन्या टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद चिकटवला. खरवडणं कमी तर झालं नाहीच, उलट भुरी गळ्याखालची दाढी काळी करून काचेसमोर मान हलवायला लागली. दोन दिवस माझ्या लक्षातच येईना. मग मी गुडघ्यावर बसून, डोळे तिच्या उंचीवर आणून टाकीत पाहिलं, आणि कागद लावलेल्या काचेत मला दुसरी भुरी दिसली. काचेमागे अंधार आणि आत उजेड असला की काचेचा आरसा होतो. रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीकडे पाहिलं तर आपणच दिसतो, तसं. मी तिला दिवसभर एका परक्या ड्रॅगनसमोर उभं केलं होतं, आणि हे सरडे एकेकटे राहणारे, दुसरा समोर आला की ताण घेणारे. काच झाकायची असेल तर आतून झाका, खरखरीत आणि चमक नसलेल्या कशाने तरी. कॉर्कचा तक्ता उत्तम. पीव्हीसीच्या घरात हा प्रश्न तीन बाजूंनी उरतच नाही.

तापमानाने तर मला फार अपराधी वाटलं. टाकीच्या भिंतीला चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर 36 दाखवायचा आणि मी समाधानी असायचे. इन्फ्रारेड थर्मामीटर आल्यावर पहिल्यांदा ती बसते त्या दगडावर रोखला. 51 अंश! भिंतीवरचा काटा भिंतीजवळच्या हवेचं तापमान सांगत होता, तिच्या पोटाखालच्या दगडाचं नाही. आणि जिला मी गार बाजू म्हणत होते तिथली हवा 32 च्या खाली येतच नव्हती, कारण 3 फुटांत उष्णता पसरायला जागाच नव्हती. सरड्याच्या शरीराला स्वतःचं तापमान राखता येत नाही, तो ऊन आणि सावलीमध्ये ये-जा करून ते राखतो. भुरीला सावली सापडत नव्हती म्हणून ती बाहेर पडायची वाट शोधत होती. आता दगडाचा पृष्ठभाग 40 च्या आसपास, गार टोकाची हवा 25, आणि रात्री सगळे दिवे बंद करून 20 पर्यंत उतरू देते. थर्मोस्टॅट डिमिंगचाच घ्या. चालू-बंद करणारा असेल तर तापवणारा बल्ब दिवसभर उघडझाप करतो, ते त्या प्राण्यालाही त्रासाचं आणि बल्बही लवकर जातो. प्रोबची, म्हणजे थर्मोस्टॅटच्या तापमान टिपणाऱ्या टोकाची, वायर मात्र पक्की बांधा. माझी एकदा भुरीने ओढून गार बाजूला नेली होती. थर्मोस्टॅटला वाटलं घर थंड आहे आणि त्याने बल्ब पूर्ण ताकदीने पेटवला. दार उघडल्यावर अंगावर आलेल्या झळेमुळे वेळेत कळलं.

यूव्हीबीसाठी आधी पिळाचा छोटा बल्ब होता. आताची ट्यूब घराच्या दोन तृतीयांश लांबीची आहे आणि तापवणाऱ्या दिव्याच्याच बाजूला आत बसवली आहे, म्हणजे ऊन आणि अतिनील किरण एकाच ठिकाणी मिळतात, दुसरं टोक सावलीत राहतं. मधे जाळी नाही, कारण जाळी बरेच किरण अडवते. दगडापासूनचं अंतर ट्यूबसोबत आलेल्या तक्त्याप्रमाणे ठेवलं. खरवडणं थांबण्यात ट्यूबचा वाटा किती, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण ती दगडावर अंग चपटं करून तासभर स्वस्थ बसते, हे मी आधी कधीच पाहिलं नव्हतं.

आता घराबद्दल. पहिले दोन आठवडे खरवडणं वाढलं. मी रडकुंडीला आले होते. जागा बदलली की हे होतंच, पण ते सोसताना फार लांब वाटतं. खाणं थोडं कमी झालं, रंग काळवंडला. मी तिला उचलणं जवळजवळ बंद केलं, आतलं सामानही हलवलं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून उतार पडला. मी वहीत रोज सकाळ-संध्याकाळची मिनिटं लिहीत होते. जुन्या टाकीत दिवसाला दीड-दोन तास भरायचे, दोन महिन्यांनी पाच-दहा मिनिटांवर आले, तेही संध्याकाळी खोलीत अंधार झाला आणि तिच्या घरातले दिवे चालू असले तरच. तेच आरशाचं कारण, फक्त पुढच्या काचेपुरतं. आता तिचे दिवे मालवेपर्यंत मी खोलीतला दिवा चालू ठेवते.

सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे पुढून उघडणारं दार. जुन्या टाकीत हात वरून जायचा, आणि वरून येणारी सावली म्हणजे या प्राण्याला शिकारी पक्षी. त्यांच्या डोक्यावर उजेड-अंधार टिपणारा तिसरा डोळा असतो. वरून हात आला की भुरी दबून बसायची. आता समोरून हात पुढे करते, ती बघते, मग तळव्यावर चढते.

तक्रारीही आहेत. सरकत्या काचेच्या खाचेत माती अडकते, दर आठवड्याला ब्रशने काढावी लागते. वायरीचं भोक लहान आहे, ट्यूबचा प्लग जाईना, भोक मोठं करून घ्यावं लागलं. आणि घर जड आहे, एकटीने हलत नाही.

पाचव्या महिन्यात सगळं पुन्हा सुरू झालं. कोपरे उकरणं, रात्रीसुद्धा धडपड, खाणं जवळपास बंद. माझ्या मनात आलं की संच फसला. पण या वेळी ती काचेवर कमी आणि जमिनीवर जास्त उकरत होती, आणि पोट गोळ्यागोळ्यांचं लागत होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रेमध्ये अंडी दिसली. घरात नर कधीच नव्हता. मादी नराशिवायही वांझ अंडी धरते, आणि ती घालायला तिला भुसभुशीत, ओलसर, खोल माती लागते. मिळाली नाही तर अंडी अडकून जीव जाऊ शकतो. एका खोल डब्यात माती आणि वाळू भिजवून, बोट घातल्यावर भोक तसंच राहील इतपत दाबून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शेपटीचं टोक तेवढं बाहेर ठेवून आत घुसली. संध्याकाळी बाहेर आली ती पार खंगलेली, पोटाच्या बाजूने कातडी लोंबत होती. एकोणीस अंडी होती. पाणी पाजलं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कॅल्शियम दिलं, दोन दिवस हातही लावला नाही. त्यानंतर उकरणं पूर्ण थांबलं. मादी पाळत असाल तर मातीचा डबा आधीच तयार ठेवा.

संचाला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या खाचेचा आणि भोकाचा कापला. नाकावर नवी खवलं आली आहेत, थोडी फिकट रंगाची. ट्यूबवर मी बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवली आहे. उजेड तसाच दिसत राहिला तरी यूव्हीबी उतरत जातं, म्हणून वर्ष भरलं की ती बदलायची. हे लिहिताना भुरी दगडावर आहे, एक डोळा मिटलेला, पंजे मागे सैल सोडलेले.