लिथॉप्सचं पेरणी किट: बी चांगलं, बाकीचं सामान दुसऱ्याच झाडाचं

खोक्यात पाच गोष्टी येतात: बियांचं पाकीट, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) दाबलेल्या चकत्या, जेमतेम ५ सेंटीमीटर खोलीच्या प्लास्टिकच्या कुंड्या, पारदर्शक झाकण आणि चार ओळींचं सूचनापत्रक. लिथॉप्स म्हणजे खड्यासारखी दिसणारी छोटी रसाळ वनस्पती. तिच्या खऱ्या कामाचं त्यात बी आणि झाकण एवढंच. उरलेलं सामान भाजीची रोपं करायला उत्तम आहे, पण इथे तेच घात करतं.

आधी बी. पांढऱ्या कागदावर ओतून भिंगातून पाहावं. लिथॉप्सचं बी १ मिलिमीटरहूनही लहान आणि तपकिरी असतं, फुंकर मारली तर उडून जाईल इतकं हलकं. पाकिटातून चपट्या किंवा टपोऱ्या बिया निघाल्या तर ते लिथॉप्स नव्हे. या किटमधलं बी अस्सल दिसतं. ते कधी काढलं याची तारीख छापलेली नाही, पण कोरड्या थंड जागी हे बी काही वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे ही चूक माफ. जातीचं नाव न देता नुसतं ‘मिश्र’ लिहिणं मात्र खटकतं. प्रत्येक जात आपापल्या वेगाने वाढते आणि एकाच कुंडीत सगळ्यांचं पाणी सांभाळणं अवघड जातं. नवशिक्याला लेस्लीआय, ऑकॅम्पी किंवा सॅलिकोला सोप्या. खोक्यावरच्या आकाशी लिथॉप्सबद्दल एवढंच, की तसा रंग निसर्गात नाही. ऑप्टिका ‘रुब्रा’ ही जात खरोखर गडद गुलाबी असते. निळी फक्त छपाईत.

आता कोकोपीट. ही वनस्पती दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या खडकाळ जमिनीतली. नुसतं कोकोपीट एक तर चिंब राहतं, नाही तर पूर्ण सुकून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या रोपांची मुळं ताणून तोडतं. शिवाय सतत ओलं राहिलं की त्यात बारीक काळी चिलटं अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या रोपांची मुळं खातात. चकती फेकायची नसेल तर भिजवून, मोकळी करून चाळावी आणि तिचा एक भाग तीन भाग खड्यांत मिसळावा. खडे १ ते ३ मिलिमीटरचे, धुतलेले: प्युमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड), परलाइट (भाजून फुगवलेले पांढरे हलके खडे) किंवा जाड वाळू. चाळणीखाली पडलेली धूळ टाकून द्यावी, तीच निचरा बुजवते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. मिश्रणावर उकळतं पाणी ओतून ते पूर्ण गार होऊ द्यावं, वर ५ मिलिमीटर बारीक खड्यांचा थर द्यावा. कुंडी ८ ते १० सेंटीमीटर खोल हवी, कारण रोप इवलंसं असलं तरी सोटमूळ सरळ खाली जातं.

पत्रकात बी १ सेंटीमीटर खोल पेरायला सांगितलंय. तसं केलं तर काहीही वर येणार नाही. या बियाला उजेड लागतो. चमचाभर कोरड्या बारीक वाळूत बी मिसळून वरून भुरभुरावं आणि झाकू नये. मग कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवावी, वरचा थर ओलसर होऊन गडद दिसला की उचलावी. वरून धार सोडली तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. तापमान १८ ते २५ अंश असेल तर पहिले हिरवे ठिपके पाच दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही दिसतात. मागे राहिलेल्या बिया महिन्यानंतरही उगवतात, कुंडी घाईने रिकामी करू नये.

झाकण चांगलं आहे, हवेसाठी भोकही आहे. पण ‘उन्हात ठेवा’ ही सूचना पाळली तर झाकणाखाली रोपं शिजतात. भरपूर उजेड हवा, थेट ऊन नको. दिवा लावायचा तर साधा पांढरा एलईडी २० सेंटीमीटरवर, रोज १२ ते १४ तास. उजेड कमी पडला की रोपं लांब मानेची होतात आणि आडवी पडतात. मानेभोवती बारीक वाळू भरून ती सावरतात, पण दिवा जवळ आणला नाही तर पुन्हा तेच. बहुतेक बी उगवल्यावर झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडावं आणि दहा-पंधरा दिवसांत काढून टाकावं. बंदच ठेवलं तर कापसासारखी बुरशी येते आणि बुडाशी पाणी सुटून रोपं रात्रीत कोलमडतात. एकदम काढलं तर दुपारपर्यंत सुकतात.

पत्रकातली सगळ्यात महागात पडणारी ओळ शेवटची: ‘पंधरा दिवसांनी एकदा पाणी.’ हा नियम मोठ्या झाडाचा. रोपाकडे साठा नसतो, त्यामुळे पहिले पाच-सहा आठवडे वरचा थर कोरडा पडू देऊ नये. पुढे दोन पाण्यांतलं अंतर हळूहळू वाढवावं. काही महिन्यांनी रोप मधोमध चिरतं आणि आतून पानांची नवी जोडी येते. तेव्हा पाणी कमी करावं, पण बंद नाही, आणि जुनं साल सोलायच्या फंदात पडू नये. कुंडी बदलायची ती वर्षभरानंतर. फुलाला साधारण तीन वर्षं लागतात, खोक्यावर फुललेलं झाड छापलं असलं तरी.

जातीचं नाव असलेलं पाकीट सुटं मिळत असेल तर तेच घ्या, झाकणाचं काम काचेचा तुकडाही करतो. किट आधीच घरात असेल तर बी आणि झाकण वापरा, कोकोपीट चाळून घ्या आणि पत्रक बाजूला ठेवा.