जास्त पैसे नेमके कुठे घालावेत? रोजच्या काही वस्तूंची पारख

नळ निवडताना लोक दहा डिझाइन बघतात आणि त्या नळाला पाणी पोचवणारा हातभर लांबीचा कनेक्शन पाइप प्लंबर आणेल तो घेतात. सिंकखाली, बेसिनखाली, कमोडमागे बसलेला हा जाळीचा पाइप नळ बंद असतानाही दिवसरात्र पाण्याचा पूर्ण दाब सोसत असतो. तो फुटतो तेव्हा बहुधा घरात कुणी नसतं आणि मेन व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पाणी वाहत राहतं. वस्तू छोटी आणि तिच्यामुळे होणारं नुकसान मोठं, असं जिथे असेल तिथे बिनदिक्कत जास्त पैसे मोजावेत. दुसरी खूण म्हणजे वस्तू नेमकी कुठे मोडते ते बघणं. दिखाऊ भागावर घातलेला पैसा वाया जातो, मोडणाऱ्या जागेवर घातलेला कामी येतो. खालच्या सगळ्या वस्तू याच दोन कसांवर पारखल्या आहेत.

कनेक्शन पाइपात पाणी धरून ठेवते ती आतली रबरी नळी, आणि तिला फुगू न देण्याचं काम बाहेरची जाळी करते. चांगल्या पाइपाची जाळी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची असते. स्वस्त पाइपावर हुबेहूब तशीच दिसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाळी असते. पांढऱ्या फडक्यावर जाळी जोरात घासून बघा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर काळपट डाग पडतो आणि तारही चटकन वाकते. ओलाव्यात ती पांढरी भुकटी होऊन झडते, मग आतल्या नळीला आधार उरत नाही. दुसरी कच्ची जागा म्हणजे टोकाचा नट. तो पितळी हवा. आटे बघितले की कळतं: पितळ पिवळं दिसतं, जस्ताचा मिश्रधातू राखाडी. जस्ताचा नट आवळल्यावर लगेच फुटत नाही, त्याला बारीक चीर जाते आणि काही महिन्यांनी तो रात्रीबेरात्री निखळतो.

पण चांगला पाइप घेऊन चुकीचा बसवला तर पैसे पाण्यातच. ज्या टोकाला रबरी वायसर आहे तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, कारण तिथे पाणी वायसर अडवतो आणि टेपमुळे नट नीट बसत नाही. आधी हाताने घट्ट होईल तेवढा फिरवा, मग पान्ह्याने फक्त पाव ते अर्धा फेरा द्या. त्याहून जास्त आवळला की वायसर चेपतो. पाइपाला तीव्र मुरड पडत असेल तर एक माप लांब पाइप घ्या. आणि सिंकखाली ब्लीच किंवा अ‍ॅसिडच्या बाटल्या अजिबात ठेवू नका. त्यांच्या क्लोरिनयुक्त वाफेने स्टेनलेस जाळीसुद्धा गंजते. गंजाचा एक ठिपका दिसला तरी पाइप बदलावा.

नळाचं गणितही असंच आहे. वरचा चकाकता मुलामा सगळ्यांचा सारखाच दिसतो. तोंडाच्या आत, आट्यांपाशी डोकावून रंग बघा आणि नळ तळहातावर तोलून बघा. तेवढ्याच आकाराचा पितळी नळ जस्ताच्या नळापेक्षा जड लागतो. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. त्या वर्षानुवर्षं टिकतात, पण वाळूचा एक कण अडकला तर चरा पडतो आणि थेंब थेंब सुरू होतं. म्हणून नवा नळ लावण्याआधी लाइन मोकळी सोडून अर्धा मिनिट पाणी वाहू द्यावं. दुकानात एक प्रश्न जरूर विचारा: याचं आतलं कार्ट्रिज, म्हणजे चकत्या बसवलेला भाग, सुटं मिळतं का? मिळत नसेल, तर तो नळ कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

आता एक्स्टेन्शन बोर्ड. स्वस्त आणि चांगल्या वस्तूत इतका मोठा आणि इतका न दिसणारा फरक दुसऱ्या कुठल्याच वस्तूत नसेल.

२३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर लावला की वायरमधून साधारण ८.७ अँपिअर करंट जातो. बोर्डाची वायर ५ मीटरची आणि ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर तांब्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण पाव ओहम होतो आणि वायरभर मिळून २० वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तीच निम्म्यावर येते. मोकळ्या पसरलेल्या वायरीला २० वॅट जड नाहीत. तीच वायर गुंडाळून पलंगामागे कोंबली तर उष्णतेला वाट राहत नाही आणि आवरण मऊ पडायला लागतं. जड उपकरण लावताना वायर पूर्ण उलगडायची ती यासाठीच.

खरा धोका मात्र सॉकेटच्या आतल्या पट्टीत असतो. पिनेची पकड सैल पडून त्या एका जागी ०.१ ओहमचा रोध आला, तर तेवढ्याच करंटला साडेसात वॅट उष्णता हरभऱ्याएवढ्या जागेत साठते. पट्टी तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की पकड आणखी सैल होते, पकड सैल झाली की ती आणखी तापते. सॉकेटभोवतीचं पिवळं पडलेलं प्लास्टिक आणि माशासारखा वास ही या चक्राची खूण. असा बोर्ड त्याच दिवशी काढून टाकावा.

चांगल्या बोर्डात सगळ्या सॉकेटना मिळून एकच अखंड पितळी किंवा फॉस्फर ब्राँझची पट्टी असते. स्वस्त बोर्डात पितळेचा मुलामा दिलेले लोखंडी तुकडे असतात आणि ते बारीक वायरींनी डाग देऊन जोडलेले असतात. मुलामा ओळखायला लोहचुंबक पुरतो, कारण पितळ आणि तांबं चुंबकाला चिकटत नाही. वायरही तपासा. तांब्याचं पाणी दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते. एक तार ब्लेडने खरवडली आणि आतून पांढरी निघाली, तर ती तांब्याची नाही. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं, शिवाय स्क्रूखाली चेपत जाऊन जोड सैल होतो. आवरणावर वायरचं माप छापलेलं नसेल, तर बोर्ड हातातून खाली ठेवावा.

पिनेची पकड दुकानातच बघता येते. पिन घाला आणि बोर्ड हलकेच उलटा धरा. पिन आपोआप निसटता कामा नये, आणि काढताना चांगला जोर लागायला हवा. घरी आणल्यावर पूर्ण लोड देऊन तासभर चालवा, मग बटण बंद करून पिन उपटा आणि प्लास्टिकला हात लावा. कोमट लागणं ठीक. बोट ठेववत नसेल तर बोर्ड परत करा. सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण) असेल तर त्याचा वेगळा दिवा असलेला बोर्ड घ्यावा, कारण झटका शोषून घेणारा आतला भाग, व्हॅरिस्टर, प्रत्येक झटक्याने थोडा थोडा संपत जातो आणि संपला तरी बोर्ड पूर्वीसारखाच चालू राहतो.

चार्जिंग केबलमध्ये बहुतेकांना खूप महाग घेण्याची गरज नाही. टाइप-सी ते टाइप-सी साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत चालते. लॅपटॉपला त्याहून जास्त लागत असेल तरच ५ अँपिअरची, ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला कळवणारी) असलेली केबल घ्या, आणि तिथे मात्र पैसे वाचवू नका. केबल तुटते ती नेहमी कनेक्टरच्या मानेपाशी, तेव्हा तिथे लांब, लवचीक रबर आहे ना एवढं बघा. विणलेलं कापडी आवरण दिसायला छान असतं, पण आतली तार तुटायची ती तुटतेच.

सेलच्या बाबतीत आकडे खोटं बोलतात. पेन्सिल सेलच्या (एए) आकाराच्या रिचार्जेबल निकेल सेलची खरी क्षमता २००० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तास) आसपास, फार तर २५००-२७०० असते. ३००० च्या वरचा आकडा छापलेला सेल घेऊच नये. घ्यावा तो कमी सेल्फ-डिस्चार्जचा, म्हणजे घड्याळात किंवा रिमोटमध्ये महिनोन्महिने पडून राहिला तरी चार्ज टिकतो. पॉवर बँकेवर १०००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं. ५ व्होल्टला त्यातून ६००० ते ६५०० हाती येतात. प्रामाणिक कंपनी हा दुसरा आकडाही बारीक अक्षरात छापते, तो शोधा.

स्वयंपाकाच्या भांड्यात पैसे तळाच्या जाडीला द्यावेत. स्टेनलेस स्टील उष्णता पसरवण्यात फारच मंद आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे पंधरावा हिस्सा. पातळ स्टीलचं भांडं ज्योतीच्या वर्तुळातच तापतं, तिथे पदार्थ बुडाला लागतो आणि दोन बोटं पलीकडे कच्चा राहतो. ट्रायप्लाय भांड्यात दोन स्टीलच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियम असतं आणि ते काठापर्यंत गेलेलं असतं. काठ स्टीलने बंद केलेला नसेल तर कडेला मधली वेगळ्या रंगाची रेघ दिसते. एकूण जाडी २.५ मिलिमीटरच्या आसपास असावी. नुसत्या बुडाला चकती चिकटवलेलं भांडं त्यापेक्षा स्वस्त पडतं आणि पाणीदार पदार्थांना पुरतं. पण ज्योत चकतीच्या बाहेर गेली की कडेने करपल्याचं कडं उमटतं. घरी पारखायचं तर तळाला नखभर पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. बुडबुडे सगळीकडे सारखे आले तर तळ चांगला, नुसतं कडं दिसलं तर पातळ.

नॉन-स्टिकमध्ये उलट सांगावं लागेल. महागातला महाग लेपही घासून घासून काही वर्षांत जातोच, आणि साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो बिघडू लागतो. म्हणून मधल्या किमतीचा, जाड तळाचा तवा घ्या, रिकामा तापवू नका, गरम असताना थंड पाण्याखाली धरू नका. थंड पाण्याने पातळ तवा वाकतो आणि मग शेगडीवर गरगर फिरतो.

सुरीपेक्षा धार लावायच्या दगडावर खर्च करावा, हे ठामपणे सांगतो. साधी, ५६-५८ रॉकवेल कडकपणाची स्टीलची सुरी घरच्या कामाला भरपूर झाली. उत्तम सुरीसुद्धा धार गेली की टोमॅटो चेपते, कापत नाही. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा बारीकपणा) दगड दहा मिनिटं पाण्यात भिजवा. पातं दगडावर आडवं टेकवून पाठीकडची बाजू उचला: पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ १२ मिलिमीटर वर, म्हणजे कोन १५ अंशांचा होतो. एका बाजूने घासत राहा, पलीकडच्या बाजूला अंगठ्याला खरखरीत कड लागेपर्यंत. तशी कड मुठीपासून टोकापर्यंत लागली की बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या हाताने दोन्हीकडून चार-चार फटके द्या. नवख्यांची धार लागत नाही ती बहुतेक वेळा पहिली बाजू पुरती होण्याआधी पलटल्यामुळे. खाचेतून सुरी ओढायची यंत्रं झटपट धार देतात, पण दर वेळी भरपूर पोलाद खरवडून नेतात.

स्क्रू ड्रायव्हरची मूठ कशीही असो, टोक एस-२ या कडक हत्यारी स्टीलचं हवं. मऊ टोक घसरतं, स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो काढायला ड्रिल लागतं. सोबत हेही बघा की स्क्रू फिलिप्स (साध्या फुलीचा) आहे की पोझिड्राइव्ह. फुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह, त्याला पीझेड-२ बिट लागतं. फिलिप्सचं पीएच-२ त्यात शिरतं, पण धरत नाही.

बॅगेत आधी चेन बघा, मग कापड. रोज वापरायच्या बॅगेला मुख्य चेन ८ किंवा १० नंबरची हवी, ५ नंबर फक्त आतल्या कप्प्याला. बंद चेनची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली की साधारण तो नंबर येतो. रनर पुढे गेल्यावर मागे चेन उघडी पडत असेल तर दात ठीक असतात, रनरचं तोंड फाकलेलं असतं. पकडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा अगदी थोड्या दाबल्या की काही महिने निघतात. पुढे नवा रनर टाकावा, अख्खी चेन बदलायची गरज नाही. पट्टा जिथे शिवलाय तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी. नुसती आडवी शिवण वजनाने उसवते.

बुटांसाठी मात्र खर्च करावा, आणि तो वरच्या चामड्याइतकाच सोलच्या जोडणीसाठी. वेल्टवर (बुटाच्या कडेने फिरणाऱ्या चामड्याच्या पट्टीवर) शिवलेला सोल झिजला की बदलता येतो, नुसत्या चिकटवलेल्याचं तसं सहज होत नाही. टाचेमागचा भाग दोन बोटांनी दाबा, तो सहज चेपत असेल तर बूट लवकर ढिला होतो. एकच जोड रोज घालू नका, घामाने भिजलेल्या अस्तराला सुकायला दिवसभर लागतो. आणि पॉलियुरेथेनचे सोल असलेले चांगले बूट जपायचे म्हणून डब्यात ठेवून देऊ नका. हवेतल्या ओलाव्याने ते पडल्यापडल्या कुजतात आणि काही वर्षांनी पहिल्याच चालण्यात केकसारखे तुकडे होऊन गळून पडतात.