शोधनिबंधाची मांडणी करून देणारे विश्रामबागेतील केंद्र

सांगलीत प्रबंधाची छपाई आणि बांधणी करून देणारी दुकाने पुष्कळ आहेत, आणि शिवाजी विद्यापीठाला सादर करायच्या प्रबंधात समास किती सोडायचा, प्रमाणपत्रे कोणत्या क्रमाने लावायची, हे तेथील माणसांना तोंडपाठ असते. आंतरराष्ट्रीय नियतकालिकाकडे पाठवायच्या शोधनिबंधाचे काम मात्र वेगळे आहे. तेथे प्रत्येक नियतकालिकाचे नियम निराळे असतात, कागदावर काहीच जात नाही आणि मजकुरात शास्त्रीय चिन्हे, तक्ते व आकृत्या यांची गर्दी असते. विश्रामबागेत एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर एक दांपत्य एवढेच काम करते. त्यांपैकी सर पूर्वी छापखान्यात अक्षरजुळणी करत असत आणि मॅडम रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधर आहेत. झेपेल तेवढेच काम घ्यायचे असल्याने केंद्राचे नाव कोठे छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. ती मान्य करून, परंतु कामाविषयी काहीही हातचे न राखता, हे परीक्षण लिहीत आहे.

आमचा निबंध हळदीच्या साठवणुकीविषयी होता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हरिपूरच्या जमिनीखालील पेवांमध्ये हळद साठवण्याची जुनी रीत या भागात सर्वांना ठाऊक आहे. साठवणुकीच्या पद्धतीनुसार हळदीतील रंगद्रव्यांचे प्रमाण कसे बदलते, हा आमचा प्रश्न. विषय आपल्या मातीतला असला तरी संपादकीय कार्यालयापुढे तो प्रथम एका धारिकेच्या (संगणकीय फाइलच्या) रूपातच जातो. सारांश २५० शब्दांच्या आत, ठळक मुद्दे तीन ते पाच व प्रत्येक मुद्दा ८५ अक्षरांच्या मर्यादेत, लेखकांची नावे असलेले मुखपृष्ठ वेगळे, संपूर्ण मजकुराला सलग ओळक्रमांक, आकृत्या स्वतंत्र धारिकांत, अशा अटी आमच्या नियतकालिकाने घातल्या होत्या. त्यांतील एखादी राहून गेली तर निबंध समीक्षकापर्यंत न जाता दुरुस्तीसाठी परत येतो, आणि नव्या संशोधकाचे आठवडे त्यात नाहक जातात.

या केंद्राची पहिली चांगली गोष्ट अशी की ते दर सांगण्यापूर्वी नियतकालिकाच्या ‘लेखकांसाठी सूचना’ मागतात आणि त्या खरोखर वाचतात. त्यानंतर मजकुराला हात न लावता ते प्रथम एक प्रश्नपत्रक तयार करतात. ओळक्रमांक आणि त्यासमोर प्रश्न, एवढेच त्याचे स्वरूप. माझ्या मते या केंद्राचे खरे मोल त्या पत्रकात आहे. समास आणि अक्षराचा आकार कोणीही बदलून देईल. मांडणी करता करता मजकूर इतक्या बारकाईने वाचणारा माणूस क्वचित भेटतो.

त्यातील एक प्रश्न विशेष महत्त्वाचा होता. हळदीच्या व्यापारात सगळ्या रंगद्रव्यांना मिळून सरसकट कर्क्युमिन म्हणतात आणि शीर्षकात तोच शब्द आला होता, तर तक्त्यात कर्क्युमिनॉइड, म्हणजे या रंगद्रव्यांच्या गटाचे नाव, असे लिहिलेले होते. पद्धतीच्या विभागात ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीवर प्रकाशाचे शोषण मोजल्याचा उल्लेख होता. मॅडमनी विचारले, “या तरंगलांबीवर कर्क्युमिन, डिमिथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडिमिथॉक्सिकर्क्युमिन या तिघांचे शोषण एकत्रच येते ना? मग शीर्षकातले ‘कर्क्युमिन’ म्हणजे नेमके काय समजायचे?” एकट्या कर्क्युमिनचे प्रमाण सांगायचे तर एचपीएलसीसारख्या (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या) पद्धतीने हे घटक आधी वेगळे करावे लागतात, तेव्हा आमच्या निबंधात सर्वत्र ‘एकूण कर्क्युमिनॉइड’ असाच उल्लेख हवा होता. तो बदल त्यांनी स्वतः केला नाही. कोणता शब्द ठेवायचा हे लेखकांनी लेखी कळवावे, असा त्यांचा आग्रह होता. असा आग्रह प्रत्येक मांडणीकाराने धरायला हवा, कारण मजकुरातल्या प्रत्येक विधानाचे उत्तरदायित्व लेखकांकडेच राहते.

दुसरी बाब अधिक धोक्याची आहे आणि ती प्रत्येक संशोधकाने जाणून घ्यावी. आमच्या एका सहलेखकाने काही वर्षांपूर्वी अन्य ठिकाणी टंकलिखित करून घेतलेला मजकूर या निबंधात वापरला होता. त्यात मायक्रोग्रॅममधील ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर सिंबॉल नावाच्या जुन्या फाँटमध्ये टाकलेले होते. त्या फाँटमध्ये रोमन ‘एम’ची कळ दाबली की पडद्यावर म्यू दिसतो, पण काही धारिकांत आत साठवले जाते ते रोमन अक्षरच. अशी धारिका संपूर्ण निवडून तिला दुसरा फाँट लावला की म्यू नाहीसा होतो आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात, म्हणजे आकडा गुपचूप हजारपट वाढतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दोन्ही एकके अस्तित्वात आहेत. सरांनी फाँट बदलण्यापूर्वीच सगळी सिंबॉल अक्षरे शोधून त्यांच्या जागी युनिकोड चिन्हे बसवली आणि प्रत्येक ठिकाणचे एकक आमच्याकडून मूळ नोंदवहीशी ताडून घेतले. कृतिदेव किंवा श्रीलिपीतला जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांची कशी मोडतोड होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही काळजी लगेच समजेल.

आकृत्यांच्या बाबतीत हे केंद्र कठोर आहे, आणि ते योग्यच आहे. नियतकालिकाने एका स्तंभाची रुंदी ९० मिलिमीटर आणि रेखाकृतीसाठी १००० डीपीआय (दर इंचातील ठिपके) असे सांगितले असेल, तर आकृती ३५४३ पिक्सेल रुंद हवी. त्याच रुंदीच्या छायाचित्राला ३०० डीपीआयने १०६३ पिक्सेल पुरतात. हा साधा हिशेब ते ग्राहकाला कागदावर मांडून दाखवतात. व्हॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र ते स्वीकारत नाहीत, कारण पाठवताना दाबून लहान झालेल्या प्रतिमेतला तपशील नंतर आकार वाढवून परत येत नाही. आलेख चित्ररूपात न घेता मूळ एक्सेल धारिका मागतात आणि तिच्यावरून आलेख नव्याने काढतात. त्रिमितीय स्तंभ काढून साधे करतात, लाल आणि हिरव्या रेषा शेजारी असतील तर रंगभेद न ओळखणाऱ्या वाचकासाठी रेषांचे प्रकार बदलतात, आणि त्रुटिरेषा (एरर बार) प्रमाण विचलनाची की प्रमाण त्रुटीची, नमुने किती, हे आकृतीखाली लिहिल्याशिवाय काम पूर्ण मानत नाहीत. हळदीच्या पिष्टकणांच्या सूक्ष्मदर्शकीय छायाचित्राखाली ‘चारशे पट’ असे लिहिलेले होते. छापताना चित्राचा आकार बदलला की हा आकडा खोटा ठरतो, म्हणून तेथे मोजपट्टी हवी, असे त्यांनी सांगितले; आणि मोजपट्टी अंदाजाने न काढता त्याच भिंगाने घेतलेल्या मापनकाचेच्या (सूक्ष्म मापरेषा कोरलेल्या काचेच्या) छायाचित्रावरून बसवली. उजळपणा वाढवायचा तर तो संपूर्ण प्रतिमेत सारखाच वाढवायचा, एखादा भाग निवडून नाही, हा नियमही ते पाळतात.

संदर्भसूचीचे काम झोटेरो या विनामूल्य प्रणालीत होते. आकडे हाताने टाकत नाहीत. मजकुरातील प्रत्येक उल्लेख सूचीशी जोडलेला राहतो, त्यामुळे मधला एखादा संदर्भ काढला तरी पुढचे क्रमांक आपोआप सरकतात. निबंध एका ठिकाणी नाकारला गेला आणि दुसऱ्या नियतकालिकाची शैली वेगळी निघाली, तर हीच जोडणी उपयोगी पडते. १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे जमलेल्या वैद्यकीय संपादकांच्या गटापासून क्रमांकांची एक सामायिक शैली प्रचलित झाली असली, तरी आजही नियतकालिकांच्या शैली हजारोंनी आहेत. प्रत्येक डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) उघडून तो त्याच लेखाकडे जातो की नाही, हे येथे पाहिले जाते. लेखकांची नावेही नीट तपासतात. आपल्याकडे पाटील, जाधव, शिंदे या आडनावांचे संशोधक असंख्य, त्यात आद्याक्षरेही सारखी. म्हणून प्रत्येक सहलेखकाचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक, ते आग्रहाने मागून घेतात. शास्त्रीय नावांत प्रजाती आणि जाती तिरप्या अक्षरांत, लिनियसचे संक्षिप्त नाव सरळ अक्षरांत, कुळाचे नाव नियतकालिकाच्या शैलीप्रमाणे, यात कोठेही चूक आढळली नाही.

आता ते काय करत नाहीत याविषयी, कारण माझा विश्वास त्यामुळेच अधिक बसला. ते निबंध लिहून देत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार आधीच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्या मर्यादेत बसण्यासाठी शब्द फिरवून द्या, अशी मागणी घेऊन लोक येतात, आणि त्यांना परत पाठवले जाते. साम्य दाखवणारी वाक्ये लेखकाने स्वतः वाचावीत, स्रोत सांगावा किंवा विचार नव्याने मांडावा, एवढाच सल्ला मिळतो. लेखकांच्या क्रमात एखादे नाव ‘घालून टाका’ म्हटले तर ते लेखकांचे योगदान नोंदवणारा चौदा भूमिकांचा क्रेडिट तक्ता पुढे ठेवतात आणि त्या व्यक्तीने यांपैकी काय केले, ते विचारतात. भाषा सुधारण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरले असेल, तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसे निवेदन जोडायला सांगतात. आयोगाने मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यानंतरही ‘यादीतील जर्नलमध्ये हमखास प्रकाशन’ असे संदेश प्राध्यापकांच्या गटांत फिरतात. या केंद्रात प्रकाशनाची हमी कोणालाच दिली जात नाही. नोकरीतील बढतीसाठी घाईला आलेल्या तरुण अध्यापकाला हे कठोर वाटेल, पण त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या नावासाठी हेच हिताचे आहे, असे मला मनापासून वाटते.

उणिवा आहेत, आणि त्या सांगणे आवश्यक आहे. काम संथ होते. शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस तर बरीच वाट पाहावी लागते. इंग्रजी व्याकरणाच्या ढोबळ चुका दुरुस्त होतात, परंतु परिच्छेदाचा ओघ सुधारण्याचे काम येथे अपेक्षू नये. सांख्यिकीय विश्लेषणावर ते मत देत नाहीत. गणित आणि अभियांत्रिकीच्या निबंधांना लागणारी लेटेक प्रणाली ते हाताळत नाहीत, त्यामुळे समीकरणांनी भरलेला निबंध येथे नेण्यात अर्थ नाही.

माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळा आहे. अलीकडे अनेक नियतकालिके पहिल्या सादरीकरणाला कोणतीही सुसंगत मांडणी चालवून घेतात आणि निबंध स्वीकाराच्या टप्प्यावर आल्यावरच आपली शैली मागतात. माझ्या परिचयाच्या एका संशोधक विद्यार्थिनीचे नियतकालिक त्याच प्रकारचे होते, तरीही तिच्या निबंधाची संपूर्ण मांडणी पहिल्याच वेळी केली गेली आणि त्याचे पैसे आकारले गेले. सूचना वाचूनच दर सांगणाऱ्या केंद्राने अशा वेळी ‘आता फक्त प्रश्नपत्रक आणि आकृत्या करून घ्या, बाकीचे नंतर पाहू’ असे स्वतःहून सांगावे. विद्यावेतन महिनोन्महिने थकत असताना विद्यार्थ्याच्या खिशातला प्रत्येक रुपया मोलाचा असतो. मी हे दोघांनाही प्रत्यक्ष बोलून दाखवले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

दर पानागणिक आहेत, आकृत्यांचे वेगळे लागतात आणि साध्या टंकलेखनापेक्षा ते बरेच अधिक आहेत. प्रश्नपत्रकाचे काम पाहता ते मला रास्त वाटले. समीक्षकांच्या सूचनांनंतरच्या दुरुस्तीची आकारणी मात्र पुन्हा होते, म्हणून ती किती असेल हे आरंभीच विचारून घ्यावे. जाताना नियतकालिकाच्या सूचनांची प्रत, आलेखांच्या मूळ एक्सेल धारिका, कॅमेऱ्यातून थेट घेतलेली छायाचित्रे, सर्व सहलेखकांचे ऑर्किड क्रमांक आणि प्रयोगाची नोंदवही सोबत असावी; नोंदवही नसेल तर एककांची ताडणी त्या दिवशी होत नाही आणि काम पुढच्या खेपेवर जाते.