विहिरीवरच्या मोटरीला केबल तांब्याची की ॲल्युमिनियमची?

उसाचं बिल जमा झालं की पलूस-वाळव्याकडं मोटरीची कामं निघतात, आणि दुकानात पहिला प्रश्न हाच असतो. दोन्ही धातू विजेचे सुवाहकच. पण ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के.

समजा डीपीजवळच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या) पेटीपासून विहीर ३०० मीटर लांब आहे आणि ५ एचपीची थ्री फेज मोटर ८ अँपिअर ओढते. ४ एमएमच्या (म्हणजे तारेचा छेद ४ चौरस मिलिमीटर) तांब्याच्या केबलीत साधारण १५ व्होल्ट वाटेतच जातात, तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियममध्ये २५. आपल्याकडं व्होल्टेजची आधीच बोंब. त्यात हे कमी झालं की मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वायंडिंगला जाते. ॲल्युमिनियम ६ एमएम घेतलं तर हा खड्डा १७ व्होल्टच्या आसपास येतो, आणि तरी खर्च तांब्यापेक्षा कमीच.

शिवाय चोरी. माझी तांब्याची केबल एका रात्रीत गेली. सकाळी ओढ्याकाठी प्लास्टिक जाळल्याची काळी राख तेवढी सापडली. तेव्हापासून पेटी ते विहीर मी ॲल्युमिनियमची आर्मर्ड, म्हणजे पोलादी चिलखत असलेली केबलच पुरतो.

विहिरीत मात्र तांबंच. सबमर्सिबलची चपटी केबल तांब्याचीच घ्या, तिथं काटकसर नको.

खरी गोम जोडात आहे. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो थर विजेला अडवतो. त्यात धातू मऊ, स्क्रूखाली दबून ढिला पडतो. तांब्याची तार ॲल्युमिनियमला नुसती पिळून जोडली की ओलीनं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. स्टार्टरच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी आणि बाजूचं बेकेलाइट करपलेलं दिसलं, तर समजा हेच झालंय. दोन धातूंच्या जोडाला बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेलं टोक) लावा, आणि हंगामात एकदा मेन बंद करून स्क्रू आवळा.

वरचं आवरण कुणी बघत नाही. पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकतं, एक्सएलपीईचं (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) ९० पर्यंत. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून ते वीज नेतं. वीज पाण्यात उतरायला आवरणाला सुईएवढा छेद पुरतो. पाण्याखालच्या जोडाला साधी काळी टेप चालत नाही, जॉइंट किटच हवं. (ओल्या काठीनं फ्यूज काढणारे अजून गावोगाव आहेत. कोरडं लाकूड रोधक, ओलं नव्हे.)

केबल विहिरीत सोडताना काठाच्या दगडावर ती घासते. तिथं जुन्या पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून आधीच बसवा.