अंथरूण मोजणारा कॅल्क्युलेटर

अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो. पण पृथ्वीचे अंथरूण नेमके केवढे आणि आपले पाय त्याबाहेर किती गेले आहेत, हे सामान्य माणसाला सांगू शकतील अशी साधने मोजकीच आहेत. ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क या संस्थेचा इकॉलॉजिकल फूटप्रिंट कॅल्क्युलेटर हे त्यांपैकी बहुधा सर्वांत परिचित. तो मोफत आहे आणि प्रश्नावली भरायला दहा मिनिटेही लागत नाहीत. मी ती दोनदा भरली: पहिल्यांदा अंदाजाने, दुसऱ्यांदा वर्षभराची वीजबिले आणि प्रवासाच्या नोंदी शेजारी ठेवून. दुसऱ्या वेळी आकडा वर गेला, कारण विमानात घालवलेले तास पहिल्या वेळी मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

प्रश्न साधे आहेत. प्राणिजन्य अन्न किती वेळा खाता, घर कशाचे बांधलेले आहे, त्यात किती माणसे राहतात, विजेचा किती भाग अक्षय स्रोतांतून येतो, गाडीने आठवड्याला किती अंतर जाता, वर्षाला किती तास विमानप्रवास करता, असे. कचऱ्याचा प्रश्न मात्र शेजाऱ्यांशी तुलना करून विचारला आहे, आणि शेजाऱ्यापेक्षा आपला कचरा जास्त असे मनापासून मानणारा माणूस विरळाच. उत्तर दोन रूपांत मिळते. जगातील सगळेजण तुमच्यासारखे राहिले तर किती पृथ्व्या लागतील हे एक, आणि पृथ्वीवर वर्षभरात जेवढे पुन्हा निर्माण होते तेवढे तशा राहणीने कोणत्या तारखेला संपेल हे दुसरे. पृथ्व्यांचे चित्र लक्षात राहते. तारीख अधिक बोचते.

यामागची कल्पना विल्यम रीस आणि मॅथिस वाकरनागेल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मांडली. संस्था 2003 मध्ये स्थापन झाली. हिशेबाची पद्धत अशी की, आपण वापरतो त्या प्रत्येक गोष्टीचे रूपांतर जमिनीत करायचे. पिकांची जमीन, कुरणे, मासेमारीची क्षेत्रे, लाकूड देणारे जंगल, बांधकामाखालची जागा आणि आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्यासाठी लागणारे जंगल, अशी सहा खाती आहेत आणि ती सगळी ‘ग्लोबल हेक्टर’ (जगातील सरासरी उत्पादकतेची एक हेक्टर जमीन) या एकाच मापात मांडली जातात. जगाच्या एकूण ताळेबंदात आजचा वापर साधारण पावणेदोन पृथ्व्यांइतका भरतो, आणि त्यातील सुमारे 60 टक्के वाटा एकट्या कार्बनचा आहे. म्हणजे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपण दरवर्षी व्याज संपवून मुद्दलात हात घालत आलो आहोत.

या साधनाचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग पहिल्या भेटीत वैतागच आणतो. ज्या देशांत सरासरी वापर मोठा आहे, तेथील रहिवाशाने सगळी उत्तरे काटकसरीची दिली, गाडी सोडली, विमान सोडले, मांसाहार सोडला, तरी आकडा बऱ्याचदा एका पृथ्वीच्या खाली येत नाही. हे गणित चुकलेले नसते. रस्ते, रुग्णालये, सरकारी कचेऱ्या, सैन्य या सामाईक खर्चाचा वाटा प्रत्येक नागरिकाच्या नावावर पडतो, आणि तो कोणाच्याही वैयक्तिक त्यागाने कमी होत नाही; तो कमी व्हायचा तर वीज कशापासून तयार करायची, शहरे कशी वसवायची, इमारती किती वर्षे टिकवायच्या हे सामूहिक निर्णय बदलावे लागतात. कार्बन फूटप्रिंट हा शब्द घरोघरी पोहोचवण्यात एका मोठ्या तेल कंपनीच्या जाहिरातींचा वाटा होता, आणि त्या जाहिरातींचा रोख तुमच्या-माझ्या सवयींवर होता, हे आठवले की या न हलणाऱ्या आकड्याचे महत्त्व अधिक कळते. माझी तक्रार एवढीच की, ही गोष्ट शंका-समाधानाच्या पानावर न ठेवता उत्तराच्या शेजारीच ठळकपणे लिहायला हवी.

आता उणिवा. जमिनीत न मोजता येणारे काहीही या हिशेबात येत नाही. तांबे, लिथियम, वाळू, भूजल यांना येथे स्वतंत्र खाते नाही. खाणीतून धातू काढताना जळलेले इंधन मोजले जाते, पण खाण रिकामी झाली हे नाही. ही फट लहान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय संसाधन मंडळाच्या आकडेवारीनुसार 1970 मध्ये जगभरात सुमारे 30 अब्ज टन सामग्री निसर्गातून काढली जात होती. आज हे प्रमाण 100 अब्ज टनांच्या वर गेले आहे. 2022 मध्ये जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी जेमतेम 22 टक्क्यांचे संकलन व पुनर्चक्रीकरण नोंदले गेले. दर दोन वर्षांनी फोन बदलणारा आणि तोच फोन दुरुस्त करून सात वर्षे वापरणारा, या दोघांतील फरक या प्रश्नावलीत पुसटच उमटतो.

पिकांच्या खात्यातली अडचण अधिक खोल आहे. तेथे आपला वापर आणि तो पुरवण्याची पृथ्वीची क्षमता ही दोन्ही प्रत्यक्ष उत्पादनावरूनच काढली जात असल्यामुळे जागतिक पातळीवर शेतजमिनीची तूट जवळपास दिसतच नाही. उलट भूजल उपसून आणि माती झिजवून पीक वाढवले, तर कागदावर पृथ्वीची क्षमता वाढल्यासारखी दिसते. 2013 मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी हाच आक्षेप घेतला होता. रीस आणि वाकरनागेल यांचे उत्तर असे की, आपला आकडा ही किमान मर्यादा आहे, खरा बोजा त्याहून मोठा आहे. उत्तर मला पटते, पण मग ‘किमान’ हा शब्द आकड्याला कायमचा चिकटवायला हवा.

अर्थ ओव्हरशूट डे, म्हणजे पृथ्वी वर्षभरात जेवढे पुन्हा निर्माण करते तेवढे सगळे जग मिळून ज्या दिवशी संपवते तो दिवस, त्याची तारीखही सावधपणे वाचावी. 2024 मध्ये ती 1 ऑगस्टला आली आणि 2025 मध्ये 24 जुलैला. पण हा फरक बहुतांशी समुद्र किती कार्बन शोषतो याची माहिती सुधारल्यामुळे पडला, आणि नव्या माहितीनुसार मागील वर्षांच्या तारखाही सरकल्या. त्यामुळे दोन वेगवेगळ्या वर्षी छापलेल्या बातम्यांतील तारखा शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. वापरणार असाल तर प्रत्येक प्रश्नाखाली तपशील भरण्याची जी सोय आहे ती टाळू नका, पाण्याचा हिशेब हवा असेल तर आर्यन हूक्स्ट्रा यांनी 2002 मध्ये मांडलेल्या वॉटर फूटप्रिंटकडे वेगळे जा, आणि शेवटचा एकच मोठा आकडा पाहून पान बंद करू नका. त्याखाली अन्न, निवारा, प्रवास, वस्तू आणि सेवा अशी फोड दिलेली असते. माझ्या बाबतीत सर्वांत उंच पट्टी कोणती निघाली, हे त्या विमानाच्या तासांवरून वाचकांच्या लक्षात आलेच असेल.