टेनिससाठी अमेरिका: डिव्हिजन १ की डिव्हिजन ३?

टेनिसच्या जोरावर अमेरिकेत शिकायला निघालेल्या आपल्याकडच्या मुलांपुढे दोन वाटा असतात. एक डिव्हिजन १ची, म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांच्या सर्वांत वरच्या गटाची, स्पोर्ट्स स्कॉलरशिप. दुसरी डिव्हिजन ३चं कॉलेज, जिथे खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. मी दुसरी धरली.

बातम्या पैशाच्या आहेत. खेळाडूंनी कॉलेज-खेळांच्या संघटनेवर (एनसीएए) भरलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड जून २०२५मध्ये मंजूर झाली आणि त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. २०२५-२६साठी विद्यापीठामागे मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. पण ही कमाई मुख्यतः अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलची, आणि वाटाही तिकडेच जातो. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाहिरातीचा करार करायचा तर सहीआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवाच.

स्कॉलरशिपचं चित्र खरंच सुधारलंय. पूर्वी पुरुषांच्या अख्ख्या संघात साडेचार स्कॉलरशिप वाटून घ्यायच्या. आता तडजोडीत सामील विद्यापीठांत संघ १० जणांचा आणि दहाही जणांना पूर्ण देता येते. देता येते, द्यावीच लागत नाही. ऑफर किती वर्षांची आहे ते आधी वाचा. राहण्या-जेवणाच्या रकमेवर एफ-१ विद्यार्थ्याचा सहसा १४ टक्के कर कापतात, तोही हिशेबात धरा.

माझं घोडं अडलं ते दुपारच्या लॅबपाशी. डिव्हिजन १चा नियम म्हणतो, हंगामात खेळासाठी आठवड्याला २० तास. पण सामन्याचा दिवस ३ तासांचाच धरतात, मग दुहेरी-एकेरी मिळून चार तास लागोत. बसचा प्रवास आणि फिजिओ तर मोजतच नाहीत. केमिस्ट्री, इंजिनिअरिंगच्या लॅब बहुधा दुपारी, नेमक्या सरावाच्या वेळी. लॅब सोडली आणि सत्राला १२ क्रेडिटच्या, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या किमान अभ्यासाच्या, खाली गेलात, की खेळण्याची पात्रता आणि व्हिसा दोन्ही धोक्यात. पुढे ढकलली, तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पूर्ण हवा ही अट आडवी येते. मग विषयच बदलावा लागतो.

सराव डिव्हिजन ३मध्येही दुपारीच असतो, पण माझ्या अनुभवात लॅबच्या दिवशी उशिरा आलेलं चालतं. पैसे गुणांवर किंवा गरजेवर मिळतात. परदेशी विद्यार्थ्यांना भरघोस मदत करणारी कॉलेजं मोजकीच, म्हणून मदत वजा करून उरणारा आकडा लेखी मागा. तो घराला झेपत नसेल, किंवा पुढे व्यावसायिक टेनिसच खेळायचं असेल, तर डिव्हिजन १ घ्यावी हे मलाही पटतं.

कुठेही सही करण्याआधी कोचला एवढं विचारा: गेल्या वसंत सत्रात, म्हणजे टेनिसचा हंगाम चालू असताना, संघातल्या किती जणांनी लॅबचा विषय घेतला होता?