भ्रूणांना गुण देणारी चाचणी: काय घ्यावं, काय नाकारावं

आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्यांपुढे आता एक जादा सेवा ठेवली जाते. तयार झालेल्या प्रत्येक भ्रूणाच्या पेशी तपासून मधुमेह, हृदयविकार, स्किझोफ्रेनिया यांचा पुढे धोका किती, काही ठिकाणी तर उंची किती आणि बुद्ध्यांक किती, याचे आकडे हातात मिळतात. याला पॉलिजेनिक, म्हणजे अनेक जनुकांवरून अंदाज बांधणारी, चाचणी म्हणतात. ती सहसा एकटी विकली जात नाही. एका जनुकाच्या आजाराची चाचणी, गुणसूत्रांची मोजणी आणि हे गुणांकन असं तिन्ही एकाच पॅकेजमध्ये येतं. तिघांची योग्यता मात्र अजिबात सारखी नाही.

प्रयोगशाळेतलं काम तिन्हींसाठी एकच. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेत येतं. त्याच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे ज्या पेशींची पुढे वार होते त्यातून, लेझरच्या मदतीने पाच ते दहा पेशी काढतात आणि भ्रूण उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. एका पेशीत डीएनए असतो साधारण 6 पिकोग्रॅम. एवढ्यावर चाचणी होत नाही, म्हणून त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात, आणि चूक शिरते ती इथेच. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक वाढते, दुसरी राहून जाते. मग वाहक भ्रूण (म्हणजे एकच प्रत सदोष असलेलं, स्वतः आजारी न पडणारं) निरोगी दिसतं किंवा बाधित भ्रूण नुसतं वाहक दिसतं. चांगली प्रयोगशाळा यासाठी फक्त सदोष जागा बघत नाही. आई-वडिलांचं रक्त घेऊन त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणाही जुळवते. हे करता का, असं थेट विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.

दोघंही थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असतील तर प्रत्येक भ्रूणाला बाधित होण्याची शक्यता चारात एक असते. अशा घरासाठी एका जनुकाची चाचणी खरोखर मोलाची आहे. प्रश्न नेमका, उत्तर नेमकं. तरीही गर्भ राहिल्यावर खात्रीसाठी 11 ते 13 आठवड्यांत वारेची किंवा पुढे 16 व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजलाची तपासणी करून घ्यावी. गुणसूत्रांच्या मोजणीत एक मर्यादा लक्षात ठेवा: बाहेरच्या थरातल्या काही पेशी सदोष निघाल्या म्हणून आतला, बाळ घडवणारा पुंजका सदोष असेलच असं नाही.

आता गुणांकन. इथे डीएनए वाचण्यात फारशी गडबड नसते. गडबड आहे वाचल्यानंतरच्या गणितात. हजारो ठिकाणच्या बारीक फरकांचे परिणाम बेरीज करून एक आकडा काढतात. ते परिणाम मोजलेले असतात अनोळखी प्रौढांची एकमेकांशी तुलना करून, आणि त्यांतले बहुसंख्य युरोपीय वंशाचे. इतर वंशांत आकड्याची अचूकता घसरते. शिवाय तुमची निवड असते सख्ख्या भावंडांमधली, आणि भावंडांत फरकाला वाव मुळातच कमी. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला: दहा भ्रूणांतून सर्वोच्च गुणांचं निवडलं, तरी सरासरी भ्रूणापेक्षा उंचीत साधारण अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यांकात अडीच गुण एवढाच अपेक्षित फायदा. आता मोठी झालेली भावंडं असलेली कुटुंबंही त्यांनी तपासली. बहुतेक घरांत सर्वाधिक गुणांचं भावंड सर्वांत उंच निघालंच नाही.

आणि दहा भ्रूणं मिळतात कुणाला? बारा स्त्रीबीजं काढली तर दहा पक्व, सात फलित, ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात तीन-चार, असं चित्र नेहमीचं. वय चाळिशीकडे असेल तर त्यातली निम्मी किंवा जास्त गुणसूत्रांच्या दोषामुळे बाद. उरली दोन. दहांतून निवडण्याचा फायदा दोनांतून निवडण्याच्या जवळपास पावणेतीन पट असतो, म्हणजे तो अडीच गुणांचा फायदा इथे एकाच्याही खाली येतो. त्यातही पहिलं भ्रूण रुजलं नाही तर दुसरं वापरायचंच असतं. मग निवड कसली?

अहवालाचं पान नीट वाचा. एका ओळीत लिहिलेलं असतं, समजा, ‘धोका 40 टक्के कमी’. मूळ धोका शंभरात एक असेल तर तो 0.6 वर आला. फरक 0.4 टक्क्यांचा, म्हणजे एक आजार टळायला अडीचशे जोडप्यांनी चाचणी करायला हवी. एकाच ओळीत हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापलेले नसतील, तर अहवाल अपुरा आहे. शिवाय एकच जनुकीय फरक अनेक ठिकाणी काम करतो. जास्त शिक्षणाशी जोडलेले काही फरक बायपोलर आजाराच्या धोक्याशीही जोडलेले आहेत. एक रकाना सुधारताना दुसरा कुठे सरकला, हे अहवालात दिसायला हवं. युरोपातल्या मानवी जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने या चाचणीला सिद्ध न झालेली आणि अनैतिक म्हटलं आहे. ब्रिटनच्या नियमांत अशा गुणांवरून भ्रूण निवडायला परवानगी नाही.

माणसांना वंशावरून गुण देण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्सिस गाल्टनने 1883 मध्ये तिला युजेनिक्स हे नाव दिलं. 1920 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या जत्रेत ‘सुदृढ कुटुंबा’च्या स्पर्धा सुरू झाल्या, लोक हौसेने तपासून घ्यायचे, पदकं मिळायची. म्हणूनच ‘आता सक्ती नाही, लोक स्वतः निवडतात’ हा युक्तिवाद पुरेसा वाटत नाही. जत्रेतही सक्ती नव्हती. सक्ती शेजारीच उभी होती: अमेरिकेतल्याच इंडियाना राज्याने नसबंदीचा कायदा 1907 मध्येच केला होता. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची नसबंदी वैध ठरवली. कारण दिलं, आई, मुलगी, नात तिन्ही पिढ्या मतिमंद. नात, म्हणजे कॅरीची मुलगी व्हिव्हियन, हिला पाहिलं तेव्हा ती काही महिन्यांची होती आणि एका समाजसेविकेला ती ‘ठीक दिसत नाही’ असं वाटलं होतं. तीच व्हिव्हियन पुढे शाळेत गेली आणि 1931 मध्ये गुणवंतांच्या यादीत आली. जर्मनीत 1933 च्या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. जपानचा तसा कायदा 1996 पर्यंत टिकला, आणि तो घटनाबाह्य होता असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं.

जाहिरातीत कधी कधी जनुकीय बदलाची भाषा येते. ही चाचणी काहीही बदलत नाही, फक्त क्रम लावते. भ्रूणात बदल करून मुलं जन्माला घालण्याचा प्रकार 2018 मध्ये चीनमध्ये उघड झाला. त्या शास्त्रज्ञाला तीन वर्षांची कैद झाली. सिकलसेलवरचा 2023 मध्ये मंजूर झालेला क्रिस्पर (जनुकात बदल करण्याचं तंत्र) उपचार रुग्णाच्याच रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींवर होतो, तो बदल पुढच्या पिढीत जात नाही.

सही करण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: मूळ धोक्याचे आकडे, गुणांकन सख्ख्या भावंडांवर पडताळल्याचा पुरावा, ते तुमच्या वंशाच्या लोकांवर किती चालतं, आणि भ्रूणाची व तुमची जनुकीय माहिती किती वर्षं, कुणाकडे राहणार. समुपदेशक त्याच कंपनीच्या पगारावर असेल तर बाहेरच्या जनुकतज्ज्ञाला कागद दाखवा. बायोप्सी एकच असते, त्यामुळे एका जनुकाची चाचणी ठेवून पॉलिजेनिक रकाना वगळायला सांगता येतं. भ्रूणाला त्याने काही फरक पडत नाही. ते गुण अहवालात छापूच नयेत, असं संमतिपत्रावर लिहून घ्या. एकदा वाचलेला आकडा मनातून पुसता येत नाही.